धंतोलीतली आइसलंड पॉपी

ज्या फुलाच्या नावातच बर्फ आहे ते नागपुरात लावू नये, एवढी अक्कल मला होती. ती मी बोलूनही दाखवली. पण आमच्या घरात माझी अक्कल पाहुण्यांसाठी ठेवलेल्या चादरीसारखी आहे. आहे हे सगळ्यांना माहीत असते, रोज वापरायला कोणी काढत नाही.

बी केशवने आणले. केशव म्हणजे माझी पत्नी देवकी हिचा धाकटा भाऊ. कामठीच्या छावणीत भाजीपाला पुरवायचा. बदली होऊन निघालेल्या कुण्या मेजरच्या बायकोने घर आवरता आवरता ही पुडी त्याच्या हातात ठेवली. मी पुडी उघडली तर ती मला रिकामीच दिसली.

"भाऊजी, श्वास रोखून पाहा," केशव म्हणाला.

रोखून पाहिले, तर कोपऱ्यात चिमूटभर तपकीर सांडावी तशी भुकटी.

"हे कायचं बी?"

"आइसलंड पॉपी. कापून फुलदाणीत ठेवायची फुलं. सिव्हिल लाइन्सच्या बंगल्यांत असतात पाहा."

सिव्हिल लाइन्सचे नाव त्याने काढायला नको होते. स्वयंपाकघरातून भांड्यांचा आवाज येत होता तो बंद पडला आणि पदराला हात पुसत देवकी बाहेर आली.

याचे कारण सांगतो. आमच्या भागातले महिला मंडळ दर हिवाळ्यात फुलांचे प्रदर्शन भरवते. त्यात कापलेल्या फुलांच्या फुलदाणीला एक कप असतो. हा कप दर वर्षी सिव्हिल लाइन्सला जातो. छप्पन साली राजधानी मुंबईला गेली, मंत्री गेले, कचेऱ्या गेल्या. पण बंगल्यातले माळी आणि डेलिया इथेच राहिले. त्या प्रदर्शनात आमच्या देवकीचे स्थान पक्के होते. ते मांडवाच्या मागे, कढईपाशी होते. कोथिंबिरीचे सारण भरून तळलेली, आमच्याकडे जिला सांबारवडी म्हणतात, ती देवकीसारखी कुणाला जमत नाही. त्यामुळे दर वर्षी कप वाटून झाले की मंडळाच्या अध्यक्षा चारुशीलाबाई माइकवरून म्हणायच्या, "आणि आपल्या देवकीताईंच्या वड्या तयार आहेत." टाळ्या सर्वांत जास्त तिथेच पडायच्या.

मला यात अपमान दिसत नव्हता. देवकीला दिसत होता.

"यंदा माइकवरून माझं नाव फुलांसाठी घेतलं गेलं पाहिजे," ती पुडी मुठीत धरून म्हणाली. "वडीसाठी नाही."

दुसऱ्या दिवशी तिने चारुशीलाबाईंना जाऊन सांगितलेही, की यंदा मी वड्या करणार नाही, फुले मांडणार आहे. चारुशीलाबाईंनी शांतपणे ऐकून घेतले आणि विचारले, "बरं, मग चिवडा करता का?"

झाले. अडुसष्ट सालचा तो ऑक्टोबर. पाऊस संपलेला, थंडीचा पत्ता नाही, आणि घाम असा की बसल्या जागी माणसाचे लोणचे व्हावे. अशा दुपारी देवकीने घरातले सगळे पंखे बंद केले, कारण बी उडून जाईल. बारीक वाळूत बी कालवून ते आम्ही चहाच्या खोक्यात पसरले. मला शिंक आली ती मी व्हरांड्याच्या पायऱ्या उतरून, फाटकाबाहेर जाऊन शिंकलो. नोकरीत असताना साहेबांसमोरही मी एवढी अदब दाखवली नव्हती.

बी उगवले. मोहरीएवढी हिरवी टिकली मातीवर दिसली तेव्हा देवकीने मला हाक मारून दाखवली. मला ती दिसली नाही, पण मी छान आहे म्हणालो. पुढे रोपांना चार पाने फुटली तसे आम्ही दोघांनी मांडी ठोकून अंगणात वाफे केले, एक एक रोप उचलून ओळीत लावले, आणि कंबर धरून घरात आलो. रविवारी केशव आला. वाफे पाहून त्याने कपाळाला हात लावला.

"हलवली? अरे देवा. ही रोपं हलवलेली खपत नाहीत. मुळाले धक्का लागला की गेली. मेमसाहेबानं मले सांगतलं होतं."

"तुले सांगतलं होतं," देवकी म्हणाली. "तू मले कधी सांगतलं?"

"आता सांगून राहिलो ना ताई."

केशवच्या ज्ञानाची ही पद्धत होती. ते त्याच्याकडे सगळे होते, पण रविवारी रविवारी बाहेर यायचे, आणि गरज संपली की मग यायचे. अर्धी रोपे मेली. राहिलेल्यांना आम्ही भरपूर पाणी घातले, तेव्हा पुढच्या रविवारी कळले की जास्त पाण्याने ती सडतात. पाणी तोडले. त्याच्या पुढच्या रविवारी कळले की इतकेही तोडायचे नसते. मी केशवला विचारले, की बाबा, तुला जे जे माहीत आहे ते एकदा सगळे बोलून टाकशील का? तो दुखावला. म्हणाला, "भाऊजी, आठवेल तसं सांगतो ना. मी काय लपवून ठेवून राहिलो काय?"

धंतोलीत राहणाऱ्या माणसाला आणखी एक त्रास असतो. आमच्या दोन्ही अंगांना दवाखाने. आत रोगी असतो आणि बाहेर त्याचे नातेवाईक, ज्यांना दिवसभर काही काम नसते. ते आमच्या कंपाउंडच्या भिंतीला रेलून बागेकडे पाहत बसतात. वर्ध्याचे पाहतात, यवतमाळचे पाहतात, पार चंद्रपूरकडचे पाहतात. सगळे शेतकरी, सगळे जाणकार. एक जण म्हणाला राख टाका, दुसरा म्हणाला राख चुकूनही टाकू नका. डोक्याला मुंडासे बांधलेल्या एकाने, ज्याच्या साळ्याचे अपेंडिक्स काढले होते, बराच वेळ पाने निरखली आणि आवाज उतरवून मला विचारले, "साहेब, अफू हाय ना?"

"नाही हो. शोभेची फुलं आहेत."

"बराबर हाय," तो डोळा मिचकावून म्हणाला. "असंच सांगा लागते."

त्यानंतर भिंतीवरचे लोक माझ्याकडे जरा आदराने पाहू लागले.

डिसेंबरात थंडी पडली आणि झाडांनी अंग धरले. केसाळ देठ वर आले, त्यांच्या टोकाला मान खाली घातलेली केसाळ कळी. माहेरून परत आलेल्या मुलीसारखी कळी काही दिवस खाली पाहत राहायची, मग एक दिवस मान ताठ करायची. पहिले फूल उमलणार त्या सकाळी देवकी उठून धावत अंगणात गेली. झाडावर फूल नव्हते. देठ होता, वर काही नव्हते.

शेजारच्या कौसल्याकाकूंच्या घरातून घंटी वाजत होती.

कौसल्याकाकूंविषयी वाईट बोलायची माझी हिंमत नाही. सत्तरीच्या पुढच्या, एकट्या राहणाऱ्या, आणि त्यांच्या देवघरात देव इतके, की दर वर्षी एक फळी वाढवावी लागायची. एवढ्या देवांना पुरतील इतकी फुले त्यांच्या अंगणात नव्हती, म्हणून त्या सगळ्या गल्लीची घ्यायच्या. उजाडायच्या आत परडी आणि काठीला बांधलेला आकडा घेऊन निघायच्या. पूजेच्या फुलाला चोरी म्हणत नाहीत, हा आमच्याकडचा कायदा आहे. तो कुठे लिहिलेला नाही म्हणून बदलताही येत नाही.

देवकी कुंपणापाशी गेली. "काकू, ती केशरी फुलं मी मुद्दाम लावली होती."

"होय वं? लय देखणं फूल," काकू म्हणाल्या. "बालाजीले वाह्यलं. वास नाई, पण रंग कसा! उद्या आणखी उमलते नं?"

आता बालाजीच्या डोक्यावरचे फूल कोण परत मागणार?

रोज हेच. फूल उमलायचे आणि काकू न्यायच्या. मी कुंपणाच्या फटीत बोरीच्या काट्या खोचल्या. काकूंनी त्या काढून नीट रचून ठेवल्या, आणि मला वर बजावले, "गोपाळ, तिथं कोणतरी काटे टाकून राहिलं गा. माह्या पायाले लागले असते." मी दिलगिरी व्यक्त केली. आपल्याच बागेत आपण लावलेल्या काट्यांबद्दल चोराची माफी मागणारा नागपुरातला मी बहुधा पहिलाच.

आश्चर्य हे, की काकू जितकी तोडायच्या तितक्या कळ्या वाढत होत्या. याचा उलगडा रविवारी झाला.

"उमललेलं फूल झाडावर ठेवायचंच नसते," केशव चहा फुंकत म्हणाला. "ठेवलं तर झाड बी धरते अन्‌ फुलं बंद होतात. काकू बरं करून राहिल्या."

एखाद्या माणसाला मारावेसे वाटते आणि तो मेहुणा असतो.

"अन्‌ ताई," तो पुढे म्हणाला, "प्रदर्शनासाठी तसंही उमललेलं चालत नाही. वाटेतच पाकळ्या गळतात. कळी तोडायची. अन्‌ तोडल्याबरोबर देठाच्या टोकाले आगीचा चटका द्यायचा. नाही तर चीक गळतो अन्‌ मान टाकते."

देवकीच्या हातातली बशी तिरकी झाली. "कळी?"

प्रदर्शन पुढच्या रविवारवर आले होते. आणि इथे आमचे गाडे असे रुतले, की चटका राहिला बाजूला. देवकीच्या माहेरी कुणी कळीला कधी हात लावलेला नव्हता. कळी तोडणे म्हणजे झोपलेल्या लेकराला ओरबाडणे, असे तिच्या आईने तिला सांगितले होते, आईला तिच्या आईने. देवालासुद्धा कळी वाहत नाहीत, मग चारुशीलाबाईंच्या टेबलासाठी कशी तोडायची?

"पण तुले कप पाह्यजे ना ताई?"

"पाह्यजे. पण फुलाचा पाह्यजे. हत्येचा नाही."

मी म्हटले, उमललेलीच नेऊन पाहू. म्हणून बुधवारी काकूंच्या आधी उठून आम्ही फुले तोडली आणि फुलदाणी मांडीवर घेऊन सायकलरिक्षाने सीताबर्डीपर्यंत चाचणी फेरी केली. मेन रोडला लागेपर्यंत पाकळ्या माझ्या धोतरावर होत्या. व्हरायटी चौकात वारा आला आणि उरलेल्या रस्त्यावर उडाल्या. एका म्हाताऱ्याने रिक्षा थांबवून टोपी काढली आणि विचारले, कोण गेले?

घरी आल्यावर देवकी पदर खोचून डाळ निवडायला बसली. "सांगून या चारुशीलाबाईंना," ती म्हणाली, "वड्या करते म्हणा."

इतके दिवस या पॉपीला मी मनात काय काय शिव्या दिल्या होत्या ते सांगण्यासारखे नाही. पण ती डाळ निवडणारी पाठ मला पाहवेना. मी चपला घातल्या आणि चारुशीलाबाईंकडे न जाता कौसल्याकाकूंकडे गेलो. धर्माचा प्रश्न होता आणि गल्लीत धर्म त्यांच्याकडे होता.

काकू आल्या. वाफ्यात वाकून एक एक कळी पाहिली. देवकी मागे उभी. एका कळीचे केसाळ टरफल मधोमध तडकले होते आणि फटीतून केशरी रेघ दिसत होती. काकूंनी तिच्यावर बोट ठेवले.

"देवकी, हे काय हाय?"

"कळी."

"कळी म्हंजे डोळे मिटलेलं लेकरू. यानं तर डोळा उघडला नं? जागं झालेल्या लेकराले कडेवर घेतलं तर पाप कायचं वं?"

"पण आई म्हणायची..."

"तुह्या मायनं हे फूल पाह्यलं होतं काय? नाई नं? मंग? मिटलेली तोडू नको, तडकलेली तोड." एवढे झाल्यावर त्या कमरेवर हात ठेवून ताठ झाल्या. "अन्‌ उमललेली माह्या देवाची. आधीच सांगून ठेवते. मंग भांडण नोको."

वकील फी घेतातच.

रविवारी फटफटताना आम्ही कामाला लागलो होतो. देवकी कळीला हात लावण्याआधी पुटपुटून काहीतरी म्हणायची, मग कापायची. मी स्वयंपाकघरात स्टोव्ह पेटवून बसलो होतो आणि प्रत्येक देठाच्या टोकाला चटका देत होतो. देठ चुरचुरायचा, कच्च्या पालेभाजीचा जळका वास यायचा, आणि दोनपैकी एक चटका माझ्या बोटाला बसायचा. पेन्शन घेतल्यावर पहाटे उठून फुलांना डागण्या देत बसावे लागेल, असे मला नोकरीत कुणी सांगितले असते तर मी मुदतवाढ मागितली असती.

मांडवात आमचे टेबल कोपऱ्यात होते. शेजारी सिव्हिल लाइन्सचे डेलिया, ताटाएवढे. आमच्या फुलदाणीत केसाळ हिरव्या कळ्या, कुणाची फट जरा मोठी, कुणाची लहान. येणारे लोक थांबायचे, वाकून पाहायचे आणि देवकीला विचारायचे, "वड्या मागे आहेत का यंदा?"

परीक्षक म्हणून एका कॉलेजातल्या वनस्पतिशास्त्राच्या बाई आल्या होत्या. दुर्दैवाने त्या वेळेवर आल्या. आमच्या टेबलापाशी येऊन त्यांनी चष्मा वर केला.

"फुलं कुठे आहेत?"

"ही काय," देवकी म्हणाली. "उमलून राहिली आहेत. जरा ऊन येऊ द्या."

"किती वेळ लागेल?"

"ते त्यांच्यावर आहे," मी म्हणालो. मला वाटले यात विनय आहे.

"हे प्रदर्शन फुलांचं आहे," बाई म्हणाल्या, "भविष्याचं नाही." आणि कागदावर 'फुले नाहीत' असे लिहून, पुढे डेलियांकडे गेल्या. कप तिथेच ठरला. बाई गाडी गाठायला स्टेशनवर निघून गेल्या.

फुलदाणी किंचित फिरवून देवकी टेबलामागे उभी राहिली.

आता फक्त प्रमुख पाहुणे यायचे होते. प्रमुख पाहुणे म्हणजे कुणीतरी मोठे गृहस्थ होते, आणि मोठे असल्यामुळे ते आले नाहीत. दहा वाजले, अकरा वाजले. व्यासपीठावरचा माइकवाला अधूनमधून "हॅलो, हॅलो" म्हणून हयात असल्याचे कळवत होता. डेलियांनी माना टाकायला सुरुवात केली. गुलाबांच्या पाकळ्यांचे काठ काळवंडले. चारुशीलाबाई फाटकापर्यंत जाऊन जाऊन दमल्या. आणि मांडवाच्या कनातीवरून ऊन सरकत सरकत आमच्या कोपऱ्यात आले.

आधी टप्‌ असा आवाज झाला. एका कळीचे टरफल टेबलावर पडले. मग दुसऱ्या. आतून चुरगळलेले केशरी रेशीम बाहेर आले, ट्रंकेतून काढलेल्या लुगड्यासारखे घड्या घड्यांचे, आणि आमच्या डोळ्यांसमोर एक एक घडी मोडत गेली. केशरी, पिवळी, मग एक पांढरी, मग एक अशी की तिच्या रंगाला मराठीत नाव नाही. उन्हात पाकळ्यांच्या आरपार दिसत होते. इतक्या महिन्यांच्या वैतागाला हे उत्तर आहे असे मी म्हणणार नाही, पण मी बोट चोखत होतो तो थांबलो.

देवकी धावत चारुशीलाबाईंकडे गेली. मी मागोमाग.

"अहो ताई, माझी फुलं उमलली. एकदा येऊन पाहा ना. बाईंनी लिहिलं फुलं नाहीत म्हणून."

"अगं बाई, हो का?" चारुशीलाबाई फाटकाकडे पाहत म्हणाल्या. "पण निकाल लागला ना आता. पुढच्या वर्षी बघू. आणि हे बघा देवकीताई, पाहुणे आता येतीलच. तेवढं मागे चहाचं जरा बघता का?"

"जाऊ दे देवकी," मी म्हणालो. मी तीस वर्षे सरकारी नोकरी केली आहे. जाऊ दे म्हणण्यात माझा हात धरणारा नाही.

देवकी मांडवाच्या मागे निघाली. मी डोळे मिटले. उघडले तेव्हा ती मागे नव्हती, व्यासपीठावर होती, आणि माइकवाला बाजूला सरकून तिला जागा देत होता.

"हॅलो," देवकी म्हणाली. सगळा मांडव वळला. तिने पुस्तकी भाषेत सुरुवात केली. "मी सौभाग्यवती देवकी गोपाळराव उमरेडकर, राहणार धंतोली. कोपऱ्यातल्या टेबलावर मी आइसलंड पॉपीची फुले मांडली आहेत. सकाळी परीक्षक आल्या तेव्हा ती नव्हती, असं लिहिलेलं आहे. ते खरं आहे. आता आहेत." इथे पुस्तक संपले. "म्या स्वतः लावली, स्वतः तोडली. ज्याले पाहायची आहेत त्यानं येऊन पाहा. अन्‌ चहा मी करून नाही राहिली."

हा शेवटचा भाग रस्त्यापलीकडेही ऐकू गेला.

आधी कुणी हलले नाही. मग दोन मुली उठल्या, मग त्यांच्या आया, मग चहा मिळणार नाही हे कळल्यामुळे पुरुष. कोपऱ्यात अशी गर्दी झाली की मला माझीच बायको दिसेना. नुसता आवाज येत होता. "नाही हो, हलवायची नाही, जिथल्या तिथं पेरायची... पाणी बेताचं... मिटलेली नाही तोडायची, तडकलेली तोडायची..." केशव तिच्या शेजारी उभा राहून मान हलवत होता, जणू हे सगळे त्याने वेळच्या वेळी सांगितले होते.

एवढ्यात फाटकापाशी मोटार थांबली. प्रमुख पाहुणे उतरले. स्वागताला कुणी नव्हते. चारुशीलाबाईसुद्धा गर्दीत टाचा उंचावून उभ्या होत्या. हार खुर्चीवर पडला होता तो मी उचलून त्यांच्या गळ्यात घातला, कारण कुणीतरी घालायला हवा होता.

"उशीर झाला का?" त्यांनी विचारले.

"छे छे," मी म्हणालो. "तुमच्यामुळेच सगळं जमून आलं."

ते खूश झाले. अर्थ त्यांनी विचारला नाही, मोठे लोक विचारत नाहीत. पुढे भाषण झाले, कप डेलियांना गेला, त्या डेलियाच्या बाई आमच्या टेबलापाशी असल्यामुळे त्यांच्या माळ्याने तो घेतला. टाळ्या कोपऱ्यातून कुणी वाजवल्या नाहीत. चारुशीलाबाईंनी माइकवरून देवकीचे नाव फुलांसाठी घेतले नाही, कशासाठीच घेतले नाही.

मी गर्दीत घुसून कसाबसा तिच्यापर्यंत पोहोचलो. म्हटले, वाईट वाटून घेऊ नको, कप देऊन झाला.

"अहो, हे बरं झालं आलात," ती म्हणाली. तिने ऐकलेलेच नव्हते. "ही फुलदाणी जरा वर धरा. मागच्यांना दिसत नाही."

भाजलेल्या बोटांनी मी ती डोक्याच्याही वर धरली. पितळेची होती, पाण्याने भरलेली होती, आणि मागचे लोक संपत नव्हते.